दोघंही त्याच लोकांना फॉलो करतो, मग फीड इतकं वेगळं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ जवळजवळ त्याच पानांना आणि त्याच माणसांना फॉलो करता. मध्यंतरी एक मोठी बातमी आली तेव्हा तुमच्या फीडमध्ये दोन दिवस तिच्यावरून नुसती भांडणं चालू होती. भावाच्या फीडमध्ये मात्र खेळाचे व्हिडिओ, काही विनोद, आणि बातमीचा उल्लेख जेमतेम एकदा. यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. कोणी मुद्दाम काही दाबतंय का? ‘ताजं आधी’ हे सेटिंग लावलं तर खरं चित्र दिसेल का? आणि फीडमध्ये दिसतो तो लोकांचा एकूण कल मानायचा का?

मी बरीच वर्षं शिफारस-प्रणालींवर काम करतोय, म्हणजे कोणासमोर काय आणि कोणत्या क्रमाने ठेवायचं हे ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. आधी बातम्यांच्या ॲपसाठी केलं, आता व्हिडिओसाठी करतो. तुमच्या तिन्ही प्रश्नांमागची अडचण मला एकच वाटते: तुम्हाला निवडलेलं तेवढं दिसतं, वगळलेलं दिसत नाही. वगळलेल्या पोस्टींचा ढीग शेजारी मांडलेला असता, तर काय दाबलं गेलं आणि काय नुसतं मागे पडलं हे तुम्हालाच कळलं असतं. तो दिसत नाही म्हणून माणूस हेतू शोधत बसतो. त्यामुळे हेतूकडे नंतर येऊ, आधी एखादी पोस्ट तुमच्या डोळ्यांपर्यंत कोणत्या टप्प्यांतून येते ते पाहू.

नेमकं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. ॲप कोणतं, खातं किती जुनं, तुम्ही नुसतं वाचता की लिहिताही, कोणत्या टॅबमध्ये असता, हे सगळं महत्त्वाचं. ‘अल्गोरिदम’ असं एकवचनात बोलायची सवय लागली आहे, पण एकाच ॲपमध्ये मुख्य फीड, रील, शोध आणि नोटिफिकेशन यांना वेगवेगळी यंत्रणा असते. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनीही २०२१ मध्ये हेच जाहीरपणे सांगितलं होतं. पण टप्पे सगळीकडे साधारण सारखेच.

पहिला टप्पा सॉफ्टवेअरच्याही आधीचा आहे: लिहितं कोण? बहुतेक लोक काहीच लिहीत नाहीत. प्यू संशोधन केंद्राने २०१९ मध्ये अमेरिकेतल्या प्रौढ ट्विटर (आताचं ‘एक्स’) वापरकर्त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या सर्वांत जास्त लिहिणाऱ्या १० टक्क्यांनी ८० टक्के ट्वीट लिहिली होती. म्हणजे क्रम लावायला घेण्यापूर्वीच कच्चा माल एका बाजूला झुकलेला असतो. ज्यांना एखाद्या विषयावर फार तीव्र काही वाटतं ते लिहितात. ज्यांना ‘दोन्ही बाजूंत थोडं तथ्य आहे’ असं वाटतं ते जेवून झोपतात. या दुसऱ्या गटाची पोस्ट कुठल्याही सेटिंगने तुमच्यापर्यंत येणार नाही, कारण ती लिहिलीच गेलेली नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं.

दुसरा टप्पा तुमच्या जाळ्याचा. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ मध्ये एक गंमत दाखवून दिली: बहुतेक लोकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. यात जादू नाही, साधं गणित आहे. ज्याचे ओळखीचे लोक खूप, तो खूप जणांच्या यादीत असतो, म्हणून तुमच्याही यादीत असण्याची शक्यता जास्त. सोशल मीडियावर याचा परिणाम असा की तुम्ही ज्यांना वाचता ते समाजाचा सरासरी नमुना कधीच नसतात. ते जास्त जोडलेले, जास्त बोलणारे लोक असतात. २०१६ मध्ये क्रिस्टिना लर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा धागा पुढे नेला. जाळ्यातल्या मोजक्या, पण सर्वांत जास्त जोडलेल्या लोकांचं एखादं मत असेल, तर इतर बहुतेकांना आपल्या आजूबाजूला सगळेच असं म्हणताहेत असं वाटू शकतं, हे त्यांनी दाखवलं. प्रत्यक्षात ते मत अल्पसंख्याकांचं असतं. यात कोणी काही लपवलेलं नाही, रँकिंगही नाही, फक्त कोण कोणाशी जोडलं आहे त्याचा आकार आहे.

शिवाय आपण आपल्यासारख्यांनाच जोडतो. २०१५ मध्ये फेसबुकच्याच संशोधकांनी ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतले सुमारे १ कोटी १ लाख वापरकर्ते त्यात होते, आपला राजकीय कल प्रोफाइलवर लिहिणारे. विरुद्ध मताचा मजकूर कमी दिसण्यात क्रम लावण्याच्या यंत्रणेपेक्षा मित्रांच्या निवडीचा वाटा मोठा, असा त्यांचा निष्कर्ष होता. कंपनीच्या पगारावरच्या लोकांनी कंपनीच्या यंत्रणेला सौम्य ठरवलं, अशी टीका तेव्हा झाली आणि ती रास्तच होती. तरी माझा अनुभव त्या निष्कर्षाच्या बाजूचा आहे. एखाद्याची फॉलो यादी नुसती पाहिली तरी त्याच्या फीडचा बराचसा अंदाज बांधता येतो.

पण तुमची आणि भावाची यादी तर जवळजवळ एकच आहे. मग फरक पडतो तो तिसऱ्या टप्प्यात, क्रम लावण्यात. माझं काम हेच, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

याचं सर्वांत चांगलं जाहीर उदाहरण ट्विटरचं. ३१ मार्च २०२३ रोजी त्यांनी शिफारस-यंत्रणेचा बराचसा कोड खुला केला. त्यासोबतच्या माहितीनुसार रोजच्या सुमारे ५० कोटी ट्वीटमधून तुमच्यासाठी आधी साधारण १,५०० ट्वीट उमेदवार म्हणून निवडले जात. त्यांतले सरासरी निम्मे तुम्ही फॉलो करता त्यांचे आणि निम्मे अनोळखी लोकांचे. म्हणजे ‘आम्ही त्याच लोकांना फॉलो करतो’ हे तुमचं विधान निम्म्या मालालाच लागू होतं. उरलेला निम्मा माल तुमच्यासारखं वागणारे लोक काय पाहतात त्यावरून येतो. भाऊ खेळाच्या व्हिडिओंवर थांबतो, म्हणून त्याचे ‘सारखे लोक’ वेगळे.

मग त्या १,५०० पैकी प्रत्येकासाठी यंत्रणा अंदाज बांधते: हा माणूस याला लाइक करण्याची शक्यता किती, शेअर करण्याची किती, उत्तर देण्याची किती, वैतागून तक्रार करण्याची किती. प्रत्येक शक्यतेला एका वजनाने गुणायचं आणि बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे त्या पोस्टचे गुण. एप्रिल २०२३ च्या आसपास ट्विटरने जाहीर केलेल्या वजनांत लाइकला ०.५, रिट्वीटला १, उत्तराला १३.५, आणि तुमच्या उत्तराला मूळ लेखकाने प्रतिसाद दिला तर ७५ असे आकडे होते. ‘मला हे नको’ अशा प्रतिक्रियेला उणे ७४ आणि तक्रारीला उणे ३६९. हे आकडे आता तसेच असतील असं अजिबात धरू नका. असे आकडे सतत बदलतात. पण पद्धत तीच राहते.

एक हिशेब करून पाहू. समजा, एक शांत, माहितीपूर्ण पोस्ट आहे. तुम्ही तिला लाइक करण्याची शक्यता २० टक्के, उत्तर देण्याची अर्धा टक्का. गुण झाले ०.१ अधिक ०.०६७५, म्हणजे साधारण ०.१७. दुसरी पोस्ट डिवचणारी. लाइकची शक्यता फक्त ४ टक्के, पण तुम्ही चिडून उत्तर देण्याची शक्यता ३ टक्के. गुण ०.०२ अधिक ०.४०५, म्हणजे ०.४२५. दुसरी पोस्ट अडीचपट गुणांनी वर गेली. तुम्हाला ती आवडेल असा दावा यंत्रणेने कुठेही केलेला नाही. तुम्ही काहीतरी कराल, एवढाच तिचा अंदाज आहे. आता याच डिवचणाऱ्या पोस्टवर तुम्ही तक्रार करण्याची शक्यता हजारात एक आहे असं धरा. तेवढ्यानेच ०.३६९ वजा होतात, उरतात ०.०५६, आणि ती शांत पोस्टच्याही खाली घसरते. हजारात एक! जी माणसं नुसती चिडतात आणि कधीच तक्रार किंवा ‘नको’ करत नाहीत, त्यांच्यासाठी ही दुरुस्ती होत नाही.

त्या मोठ्या बातमीच्या दिवशी काय झालं असेल त्याचा माझा अंदाज यावरूनच आहे. पहिल्या तासाभरात तुम्ही एक-दोन पोस्टींच्या प्रतिक्रिया उघडून वाचल्या असतील, कदाचित एखाद्याला उत्तरही दिलं असेल. भावाने मथळा वाचला आणि पुढे सरकला. पुढच्या वेळी ॲप उघडलं तेव्हा दोघांचे अंदाज वेगळे निघाले. तुम्हाला त्याच विषयाच्या चार पोस्ट आल्या, चारांतल्या दोनवर थांबलात, मग आठ आल्या. मी सांभाळलेल्या यंत्रणांमध्ये हे चक्र तासांत फिरायचं, त्याला दिवस लागत नसत. थांबणं हीसुद्धा कृती असते, हे लोकांच्या गावीही नसतं. तुम्ही कुठलंही बटण दाबलं नाही, फक्त अंगठा दहा सेकंद थांबला, तरी त्याची नोंद होते.

आणखी एक कारण आहे, जे बाहेरच्यांना सहसा सुचत नाही. तुम्ही आणि भाऊ वेगवेगळ्या प्रयोगांत असू शकता. मोठी ॲप एकाच वेळी अनेक बदल चाचणीला लावतात: काही वापरकर्त्यांना जुना क्रम, काहींना नवा. कोण कुठे पडणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. ट्विटरने २०१६ मध्ये नवा क्रम आणला तेव्हा १ टक्का वापरकर्त्यांना तुलनेसाठी जुन्या, वेळेनुसार लागणाऱ्या यादीवरच ठेवलं होतं. फेसबुकने जानेवारी २०१२ मध्ये आठवडाभर ६,८९,००३ लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट थोड्या कमी करून त्यांच्या स्वतःच्या लिखाणावर काय परिणाम होतो ते तपासलं. २०१४ मध्ये निबंध छापून आल्यावर त्यावर मोठा गदारोळ झाला. परिणाम अगदी बारीक होता, पण आपण प्रयोगात आहोत हे त्या लोकांना ठाऊक नव्हतं, हा राग योग्यच होता. दोन फोन शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने ही शक्यता नेहमी धरून चालावी.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर कोण लिहितं, तुम्ही कोणाशी जोडलेले आहात आणि तुम्ही पुढे काय कराल याचा यंत्रणेचा अंदाज, या तीन गाळण्या आहेत. तुमच्यात आणि भावात फरक पाडला तो मुख्यतः तिसरीने.

आता हेतूकडे येतो. ‘कोणी मुद्दाम दाबतंय का’ याचं माझं उत्तर: एकेक पोस्ट हाताने दाबणं फार क्वचित, पण वजनं ठरवणं पूर्णपणे मुद्दाम. ती वजनं माणसं ठरवतात, बैठकीत, आकडे समोर ठेवून, आणि बहुतेक वेळा ‘लोक ॲपवर जास्त वेळ राहतील का’ हा प्रश्न सर्वांत वर असतो. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींसाठी क्लिकऐवजी किती वेळ पाहिलं हे मोजायला सुरुवात केली. त्याआधी भडक चित्र आणि फसवं शीर्षक लावून क्लिक मिळवणाऱ्यांची चलती होती. मोजपट्टी बदलल्यावर त्या फसवणुकीचा फायदा कमी झाला आणि व्हिडिओ लांबवण्याचा वाढला. कुठलीही मोजपट्टी घ्या, लोक तिच्याप्रमाणे वागायला शिकतात. त्याच विषयावर तेच निर्माते, पण आकडा बदलला की मजकुराचं रूप बदलतं.

फेसबुकचं उदाहरण जास्त बोलकं आहे. २०१६ मध्ये लाइकसोबत हसू, आश्चर्य, राग वगैरे भावचिन्हं आली. २०१७ पासून त्यांना साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं, रागालाही. हे बाहेर आलं २०२१ मध्ये, फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने अंतर्गत कागदपत्रं उघड केल्यावर. त्याच कागदपत्रांतून असंही दिसलं की राग ओढून आणणाऱ्या पोस्टींत खोटी, विखारी माहिती जास्त असते, अशी नोंद कंपनीच्याच लोकांनी केली होती. रागाचं वजन पायरीपायरीने कमी होत सप्टेंबर २०२० मध्ये शून्यावर आलं. मधली तीन वर्षं एका आकड्यामुळे कोट्यवधी लोकांना काय दिसलं, याची कल्पना करा. कोणी एखाद्या पक्षासाठी वा विचारासाठी हे केलं असं समजायला आधार नाही. त्यांना ‘लोकांना तीव्र काहीतरी वाटलं’ हे मोजायचं होतं, आणि राग तीव्रच असतो. मला तर हे कटापेक्षा जास्त काळजीचं वाटतं. कटामागे निदान कोणीतरी माणूस सापडतो.

मुद्दाम खाली ढकलण्याचेही जाहीर प्रकार आहेत. यूट्यूबने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं की नियम मोडत नाहीत, पण अगदी काठावर आहेत असे दिशाभूल करणारे व्हिडिओ शिफारशींत कमी दाखवले जातील. असे व्हिडिओ काढले जात नाहीत, शोधून सापडतात, फक्त कोणासमोर आपण होऊन येत नाहीत. काढून टाकणं, खाली ढकलणं आणि निवड न होणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाचकाला तिन्ही सारख्याच दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत. माझ्याकडे ‘आमची पोस्ट दाबली’ अशा तक्रारी तपासायला यायच्या. त्यांतल्या बहुतेक पोस्ट साध्याच कारणाने मागे पडलेल्या असायच्या: पहिल्या तासात कोणी काहीच केलं नाही. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हेत, आणि बाहेरून फरक ओळखायचा मार्ग नसेल तर लोकांनी संशय घेतला यात त्यांची चूक काय?

पहिल्या तासाचा विषय निघालाच आहे तर यशात नशिबाचा वाटा किती हेही सांगतो, कारण ‘एवढे लाइक आहेत म्हणजे काहीतरी तथ्य असणार’ असं तुम्ही प्रश्नात लिहिलंत. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांचा २००६ चा एक प्रयोग मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगतो. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकायला दिली. काहींना इतरांनी किती वेळा डाउनलोड केलं ते दिसत नव्हतं. उरलेले आठ वेगवेगळ्या गटांत विभागलेले होते आणि प्रत्येकाला आपल्याच गटाचे आकडे दिसत. आकडे दिसायला लागताच लोकप्रिय गाणी जास्त लोकप्रिय झाली, आणि कोणतं गाणं वर जाईल हे गटागटांत बदललं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं नशीब सुरुवातीच्या काही लोकांवर ठरलं. फीडमध्ये हेच चालतं, फक्त आकडे दिसण्याशिवाय जागासुद्धा आकड्यांवरच मिळते. वर असलेल्याला क्लिक मिळतात आणि क्लिक मिळालेलं वर राहतं. हा दोष आम्ही गणिताने कमी करतो, काही जागा मुद्दाम नव्या, न तपासलेल्या पोस्टींसाठी राखून ठेवतो. तो पूर्ण जात नाही.

सगळं यंत्रणेच्या माथी मारू नये म्हणून एक उलट बाजू. मेसेजिंग ॲपच्या ग्रुपमध्ये क्रम लावणारं कोणी नसतं, आला संदेश तसा दिसतो. तरी अफवा तिथेही धावतात. व्हॉट्सॲपने त्यावर उपाय केला तो संदेश वाचून नव्हे, कारण संदेश त्यांना वाचता येत नाहीत. त्यांनी जाळ्यातलं घर्षण वाढवलं. २०१८ मध्ये फॉरवर्ड केलेल्या संदेशावर तशी खूण आली, जानेवारी २०१९ मध्ये एका वेळी पाचच चॅटना पाठवायची मर्यादा जगभर लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. त्यानंतर अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटला, असं कंपनीने सांगितलं. मजकुराला हातही न लावता लोकांना काय दिसतं ते बदललं. आणि एमआयटीच्या सोरूश वोसुगी, देब रॉय व सिनान अराल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला ट्विटरवरचा अभ्यास आठवा: २००६ ते २०१७ दरम्यानच्या, तथ्य-तपासणी झालेल्या बातम्यांत खोटी बातमी रिट्वीट होण्याची शक्यता खरीपेक्षा ७० टक्क्यांनी जास्त होती. हा फरक स्वयंचलित खात्यांमुळे पडला नव्हता, माणसांमुळेच पडला होता. त्यातला बराचसा काळ ट्विटरची यादी वेळेनुसारच लागत होती.

तुमचा दुसरा प्रश्न यालाच जोडून येतो. ‘ताजं आधी’ लावून खरं चित्र दिसेल का? २०२० च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात संशोधकांनी फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा हिच्या सहकार्याने हे तीन महिने तपासलं आणि २०२३ मध्ये ‘सायन्स’मध्ये छापलं. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या हजारो वापरकर्त्यांना वेळेनुसार लागलेली यादी दिली. ते ॲपवर कमी वेळ राहू लागले. फेसबुकवर शिवराळ मजकूर कमी दिसू लागला. पण राजकीय मजकूर वाढला, आणि अविश्वासार्ह स्रोतांचा मजकूरही वाढला. लोकांच्या राजकीय मतांत मोजण्याजोगा फरक पडला नाही. (याच काळात फेसबुकने निवडणुकीसाठी इतरही तात्पुरते बदल केले होते, त्यामुळे तुलना गढूळ झाली, असा आक्षेप नंतर घेतला गेला. तो मला वजनदार वाटतो.) वेळेनुसार यादीत जास्त वेळा लिहिणारा जिंकतो, एवढाच फरक. दिवसाला तीस पोस्ट टाकणारं एखादं पान तुमच्या आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्या मैत्रिणीला पार झाकून टाकतं. तरी मी स्वतः बातमीच्या दिवशी हे सेटिंग वापरतो, कारण यादी कुठेतरी संपते, आणि काय चुकलं याचा अंदाज येतो. इन्स्टाग्रामने मार्च २०२२ मध्ये असा पर्याय परत आणला. युरोपियन युनियनमध्ये तर महिन्याला साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते असलेल्या सेवांना, वैयक्तिक माहितीवर न बेतलेला निदान एक पर्याय देणं डिजिटल सेवा कायद्याने बंधनकारक आहे.

तिसऱ्या प्रश्नाबाबत मी जरा ठाम बोलतो. फीडवरून लोकांचा कल कधीच काढू नका, तुमच्या बाजूचा असो वा विरुद्ध. आपण आपल्याच मताच्या बुडबुड्यात कोंडले गेलोय ही भीती मला थोडी अतिरंजित वाटते. त्याच निवडणुकीच्या संशोधनात अमेरिकेतल्या सर्वसाधारण फेसबुक वापरकर्त्याला निम्म्याहून किंचित जास्त मजकूर समविचारी स्रोतांकडून येत होता. तो प्रयोगात साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी केला तरी मतं हलली नाहीत. विरुद्ध बाजू दिसतच नाही, असं नाही. ती दिसते, पण तिच्यातला सर्वांत कर्कश माणूस दिसतो, आणि तोही तुमच्याच बाजूच्या कोणीतरी ‘बघा हे कसे आहेत’ म्हणून शेअर केलेला. परक्यांबद्दलचा गैरसमज इथून वाढतो, आणि त्यावर वेळेनुसार यादी हा उपाय नाही.

आता व्यवहाराचं. फुकटात मिळणारं सर्वांत परिणामकारक काम म्हणजे चिडवणाऱ्या पोस्टला उत्तर न देणं आणि तिच्या प्रतिक्रिया न उघडणं. वरचा हिशेब पाहिलात तर का ते कळेल. नको असलेलं नुसतं सरकवून पुढे जाण्याऐवजी बटण वापरा, पण योग्य बटण. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२२ मध्ये यूट्यूबवर तपासलं तेव्हा ‘हे चॅनल सुचवू नका’ या बटणाने तशा प्रकारच्या नकोशा शिफारशींपैकी ४३ टक्के टळल्या, तर ‘रस नाही’ने फक्त ११ टक्के. म्हणजे विषयावर राग काढण्यापेक्षा स्रोत बंद करणं बरं. बातमीसाठी दोन-तीन स्रोत ठरवा आणि त्यांच्याकडे थेट जा, फीड ते आणून देईल याची वाट पाहू नका. एखाद्या घटनेवर लोक काय म्हणतात हे खरंच जाणून घ्यायचं असेल, तर नीट नमुना घेतलेली पाहणी शोधा. नसेल, तर ‘माहीत नाही’ हे उत्तर चालतं.

सगळं पुसून नव्याने सुरुवात करावी का, हेही तुम्ही शेवटी विचारलंय. टिकटॉकने २०२३ मध्ये आणि इन्स्टाग्रामने २०२४ च्या अखेरीस शिफारशी पुन्हा शून्यापासून सुरू करण्याची सोय जाहीर केली. ती वापरायला हरकत नाही, पण त्यात तुमच्या वागण्याची आठवण पुसली जाते, फॉलो यादी तशीच राहते. म्हणून आधी यादी आवरा: ज्यांची पोस्ट वाचून गेल्या काही महिन्यांत फक्त डोकं फिरलं त्यांना काढा, ज्यांच्या विषयातलं तुम्हाला खरंच कळून घ्यायचंय अशा थोड्यांना घाला, आणि मग शून्य करा. त्यानंतरचे पहिले काही दिवस कशावर थांबता याकडे जरा लक्ष ठेवा, कारण यंत्रणेकडे तुमच्याबद्दल दुसरं काहीच नसतं आणि प्रत्येक थांबण्याला तेव्हा अवाच्या सवा वजन मिळतं. मोठी बातमी चालू असताना मात्र हे करू नका, आठवडाभर थांबा.